वारूळ न सांगणाऱ्या कुंदाबाई

कुंदाबाई निकुरे यांच्या घरी चपला दाराबाहेर काढायच्या आणि फोन दाराच्या आत, तांदळाच्या डब्यात ठेवायचा. हा नियम हेडमास्तरांना लागू होता, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला लागू होता आणि बाईंच्या सख्ख्या भावालाही लागू होता. मी साताऱ्याकडून बदलून एटापल्लीच्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा शिक्षकांच्या वसाहतीत त्यांच्या शेजारचं घर मिळालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, सुमनला, जेवायला बोलावलं. दारात बाईंनी हात पुढे केला, म्हणून मी हस्तांदोलनाच्या तयारीने माझाही केला. त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

ओला झालेला फोन तांदळात ठेवतात हे मी ऐकून होतो. म्हटलं, "बाई, माझा कोरडा आहे."

"कोरडा असन. पन कान हायेत ना त्याले," बाई म्हणाल्या आणि फोन तांदळात खुपसून त्यांनी झाकण लावलं. "आता बसा. आता आपुन तिघंच हाओत."

त्या दिवशी जेवायला सात्या होत्या. सात्या म्हणजे पावसाळ्यात रानातल्या वारुळांवर उगवणारी आळंबी. असं काही मी आजवर खाल्लं नव्हतं, आणि सुमनने तर तीनदा वाढून घेतलं. मग तिने कुठल्याही साध्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "कुठे मिळतात हो या?" बाईंचा डाव हवेत थांबला.

"सुमनबाई, चव इचारा, मसाला इचारा. वारूळ इचारू नका."

इकडची रीतच तशी आहे. सात्या निघतात ते वारूळ ज्याचं त्यालाच ठाऊक. बाई माणूस उजाडायच्या आत निघते, टोपलीवर लुगड्याचं फडकं टाकते आणि येताना मुद्दाम दुसऱ्या वाटेने येते. सासू सुनेला वारूळ दाखवते तेही सून चांगली मुरल्यावर. याचा कोणाला राग नाही, कोणी कोणाला कद्रू म्हणत नाही. सगळेच सगळ्यांपासून लपवतात आणि एकमेकांच्या घरी भाजी मात्र वाटीभर पाठवतात. "आता पाहा गंमत," बाई म्हणाल्या. "सख्ख्या जावेले वारूळ सांगत नाई हे लोकं. अन् ह्या डबड्यानं इचारलं, कुठी हायेस, कोनासंगं हायेस, तं हाव हाव म्हणून बोट दाबते. मले ह्याचंच नवल वाटते."

बाई विज्ञान शिकवायच्या. अंगाने चांगल्या थोराड, आवाज असा की सातवीच्या वर्गात प्रकाशाचं परावर्तन चाललंय हे बसस्टँडवर कळावं. केस बॉबकट केलेले होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. स्टाफरूममध्ये त्या हेडमास्तरांशी भांडत, कॅरममध्ये उघडउघड लबाडी करत आणि पकडलं की "पाहून राह्यले होते का तुम्ही?" असं वर विचारत. चामोर्शीजवळच्या एका तलावावर मासेमारी करणाऱ्या घरात त्या वाढल्या. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे, आणि ते त्या अशा थाटात म्हणत की जणू घटनेतलं कलम वाचताहेत: "जाळं दुसऱ्याचं घेतलं तं मासोळी बी त्याचीच. जाळं आपलं असलं तं फाटलं तरी गाठ आपल्याले मारता येते."

त्यांचं आपलं जाळं म्हणजे बुढी. बुढी हा एक म्हातारा कॉम्प्युटर होता. शाळेने मोडीत काढलेला, बाईंनी रीतसर अर्ज करून मागून घेतलेला. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारच्या फळीवर तो दिवसरात्र घुरघुरत असे. वीज गेली तर जुन्या ट्रकची बॅटरी आणि छपरावरचं सोलर पॅनल त्याला जगवत असत. ज्या कामांसाठी आपण सगळे उठून कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या दारात जातो ती सगळी कामं बुढी घरात बसून करायची. बाईंची पत्रं तिच्यात, फोटो तिच्यात, प्रश्नपत्रिका तिच्यात, भावाशी आणि जुन्या विद्यार्थिनींशी होणाऱ्या गप्पाही तिच्यामार्फत. "माही बुढी चावट नाई," बाई सांगत. "माहं बोलनं आयकते अन् पोटात ठेवते. शेजारी जाऊन सांगत नाई."

हे सगळं सुरळीत चालायचं असं मात्र नाही, आणि ते सांगितलं नाही तर बाईंचं चित्र खोटं होईल. एका उन्हाळ्यात उंदरांनी बुढीची वायर कुरतडली आणि आठवडाभर बाई जगाला मेल्या. तेव्हापासून बुढीतल्या सगळ्याची एक प्रत माझ्या कपाटात, सुमनच्या साड्यांखाली राहू लागली. बाई शाळेच्या फोनवरच्या ग्रुपमध्येही नव्हत्या. त्यामुळे पुराची सुट्टी जाहीर झाली की हेडमास्तरांना छत्री घेऊन चिखलातून त्यांच्या घरी सांगायला जावं लागे. एकदा ते कंटाळून गेले नाहीत. बाई बंद शाळेच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हणाल्या, "मी हजर होती. तुमची शाळा गैरहजर होती." मी पोट धरून हसलो होतो. मला त्या काळात बाईंचं हे सगळं एक विक्षिप्त खूळच वाटे, आणि तसं मी त्यांना तोंडावर म्हणतही असे.

माझा सूर बदलला तो सुमनमुळे. ती वारली गडचिरोलीच्या दवाखान्यात, बऱ्याच दिवसांच्या आजारानंतर. पुढच्या वर्षी एका सकाळी मी चहा करत होतो आणि फोन आपल्या आपणच वाजायला लागला. बघतो तर 'तुमच्या सुंदर आठवणी' असं लिहून त्याने सुमनचे दवाखान्यातले फोटो एकापाठोपाठ लावलेले, नळ्या लावलेली सुमन, उशीवर डोकं टेकलेली सुमन, आणि खाली वरातीत वाजावं तसं संगीत. मी गॅस बंद केला, फोन उचलला आणि बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. मी फोन पुढे केला. बाईंनी फोन पाहिला. डब्यात टाकला नाही, हातात धरून ठेवला.

एवढ्या बडबड्या बाई, पण त्या दिवशी त्यांनी मला एक वाक्यही ऐकवलं नाही. चहा ठेवला आणि दिवसभर खपून सुमनचे सगळे फोटो तिकडून काढून बुढीत आणले. संध्याकाळी म्हणाल्या, "गुरुजी, आता तुम्ही पाहाल तवाच त्या दिसतील. कोनी आवाज देऊन दाखवनार नाई." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी धरले नाहीत, कारण बाईंनी लाथ मारली असती.

आता मुरमेटोल्याची गोष्ट. एटापल्लीपासून आत, जंगलात, हे पंचवीस-तीस घरांचं गोंड गाव. भात, मोह, तेंदूपान आणि मध यांच्यावर जगणारं. गावाच्या वरच्या डोंगरात दोन कडे आहेत, थोरला आणि धाकटा. त्यांच्या कपारींत आग्यामोहोळं लागतात. हे कडे म्हणजे गावाचं सगळ्यात मोठं वारूळच म्हणा. शेजारच्या गावालासुद्धा त्यांची वाट ठाऊक नव्हती. मधाला हात लावायचा तो पंडुम झाल्यावर, म्हणजे नव्या फळाची पूजा गावाने केल्यावर, आणि प्रत्येक पोळ्याचा काही भाग माश्यांसाठी सोडायचा. हे सगळं मला सांगितलं ते जैनी मडावीने. जैनी बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता गावातल्या बायकांच्या मध गोळा करणाऱ्या गटाची प्रमुख. तिचा नवरा लालसू अहेरीकडचा, घरजावई म्हणून आलेला, मान खाली घालून काम करणारा माणूस.

त्या वर्षी पंडुमच्या आधीच कोणीतरी थोरला कडा जाळला. पेटते पलिते लावून सगळी पोळी उतरवली, माश्यांचा खच पडला, आणि मध गेला. ज्यांनी हे केलं ते बाहेरचे होते, गाडीची चाकं चिखलात उमटली होती. पण बाहेरच्यांना वाट कोणी दाखवली? गावाने एकच उत्तर काढलं. गावात बाहेरून आलेला माणूस एकच, लालसू. त्यातून तो महिन्यातून दोनदा एटापल्लीच्या बाजारात जायचा. गावाचे पाटील, म्हातारे पुसू बाबा, यांनी सभा बोलावली. सभेत ठरलं तर लालसूला गाव सोडावं लागणार होतं, आणि जैनीला ठरवायचं होतं की नवऱ्यामागे जायचं की आईबापाजवळ राहायचं.

जैनी बाईंकडे आली. येताना डोळे पुसून आली होती हे दिसत होतं.

"बाई, त्यानं नाई सांगतलं."

"तुले कसं माहीत?"

"त्याले वाटच माहीत नाई. माह्या मायनं त्याले अजून सात्याचं एक वारूळ दाखवलं नाई. थोरला कडा कोन दाखवते त्याले?"

बाईंनी तिला चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाल्या, "गुरुजी, मंग सांगतलं कोनं? कोनं तरी तं सांगतलंच." आणि पुढचे काही दिवस त्या शाळेत कोणाशी भांडल्या नाहीत, यावरून मी काय ते ओळखलं.

उत्तर सापडलं ते हेडमास्तरांच्या टेबलावर. त्यांच्या मुलाने शहरातून एक महागडी मधाची बाटली पाठवली होती. देखणं लेबल, वर लिहिलेलं 'जंगलाचा अस्सल मध', आणि कोपऱ्यात एक काळ्या ठिपक्यांचा चौकोन. बाईंनी विचारलं हे कशाला. हेडमास्तर कौतुकाने म्हणाले, फोन समोर धरला की आपला मध नेमका कुठला ते दिसतं. बाईंनी त्यांना धरायला लावला. नकाशा उघडला. एटापल्ली दिसली, मग नदी, मग हिरवं रान, आणि त्या रानात एक लाल खूण. खुणेखाली कड्याचा फोटो आणि नाव, थोरला कडा; जरा पलीकडे दुसरी खूण, धाकटा कडा.

मागच्या वर्षी मध विकत घेणारी एक नवी कंपनी मुरमेटोल्यात आली होती. तिचं अॅप फुकट होतं. मध काढताना जागेवरच फोटो टाका, भाव चढा देऊ, असं तिने बायकांना सांगितलं होतं. बायकांनी हौसेने फोटो टाकले होते. आपल्या कड्याचा फोटो शहरातले लोक पाहतात याचं त्यांना अप्रूपच वाटलं होतं. फोटोबरोबर जागाही जाते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्या बायका टोपलीवर फडकं टाकून आडवाटेने घरी येत, त्यांनीच कड्याची वाट बाटलीवर छापून दिली होती.

"झालं," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "माह्या पोरीयनं अख्ख्या दुनियेले वारूळ सांगतलं."

सभेच्या दिवशी बाई मलाही घेऊन गेल्या. मला वाटलं, त्या बाटली दाखवतील, समजावून सांगतील, आणि माझं काम असेल मान डोलावण्याचं. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, सगळं गाव बसलं होतं. लालसू एका कडेला खाली बघत बसला होता, आणि जैनी त्याच्या शेजारी. बाईंनी पुसू बाबांना जोहार केला आणि विचारलं, "बाबा, धाकट्या कड्याले तं अजून कोनी हात लावला नाई ना?"

"नाई. ती वाट तं आमच्या पोट्ट्यायले बी सापडत नाई," बाबा म्हणाले.

"हे गुरुजी पाहा." सगळं गाव माझ्याकडे वळलं. "साताऱ्याचे हायेत. ह्यायले ऐनाचं अन् बेहड्याचं झाड एकच दिसते. मागच्या साली वसाहतीच्या मागं फिराले गेले तं रस्ता चुकले, मीच आनलं शोधून. आता हे तुमाले धाकट्या कड्याले नेतील."

लोक हसले. मीही हसलो, पण बाईंनी माझ्या हातात माझाच फोन दिला तेव्हा मला घाम फुटला. बाटलीवरचा नकाशा त्यांनी घरूनच त्यात उतरवून आणला होता. रानात नेटवर्क नव्हतं, पण बाण चालत होता. धाकट्या कड्याची खूण लाल दिसत होती. बाई म्हणाल्या, "बाण दाखवन तसं जा. मांगं पाहू नका."

मी निघालो. मागून पुसू बाबा, मग पुरुष, मग बायका. पहिल्यांदा लोक थट्टा करत होते. मी एका ओढ्यापाशी चुकून उजवीकडे वळलो तर कोणीतरी खुदकन हसलं, पण बाण फिरला आणि मी परत वळलो. मग बांबूच्या बेटातून, मग चढावर, मग एका भल्या मोठ्या दगडाला वळसा घालून. त्या दगडाच्या पुढे मागचं हसणं बंद झालं.  नुसता पाचोळ्याचा आवाज. मला समोर काही दिसत नव्हतं, मी आपला फोनवर डोळे लावून चाललो होतो, आणि मग गुंजारव ऐकू आला. वर पाहिलं तर कड्याच्या कपारीत काळी झुंबरं लोंबत होती.

पुसू बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आधी कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे.  मग वळले आणि लालसूच्या खांद्यावर हात ठेवला. "आमाले माफ कर, जावईबाप्पू," ते म्हणाले. लालसूने मान वर केली. एवढ्या दिवसांत त्याचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले.

तेव्हा जैनी पुढे आली. "त्यानं नाई, पन मी सांगतलं. पहिला फोटो माहा होता."

"माहा बी होता," एक बाई म्हणाली. आणि मग एकेक करून सगळ्याच.

कुंदाबाई दगडावर बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांची छाती भरून आली होती हे मला दिसत होतं, पण त्या ते कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "रडाचं काही काम नाई," त्या म्हणाल्या. "सांगतलेलं तोंडात परत घालता येत नाई. पन आता तरी कुलूप लावू."

मग सुरू झाली खरी लढाई. गावसभेने ठराव केला की त्या कंपनीला मध द्यायचा नाही. या जंगलातल्या मधावर गावाचा कायदेशीर हक्क आहे आणि तो कागद पुसू बाबांच्या पेटीत सुखरूप होता. बाईंनी बुढीवरून कंपनीला रोज एक पत्र पाठवायला सुरुवात केली: नकाशा काढा. कंपनीने पहिल्यांदा उत्तर दिलं नाही, मग गोड उत्तर दिलं, मग पांढऱ्या गाडीतून एक साहेब पाठवला. साहेबाने सगळ्यांसाठी कंपनीचं नाव छापलेल्या टोप्या आणल्या होत्या. तो म्हणाला, ग्राहकाला विश्वास हवा असतो, मध कुठला ते त्याला कळलं पाहिजे, यालाच पारदर्शकता म्हणतात.

जैनी उठली. ती शाळेत कधी उठून उत्तर द्यायची नाही, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. "साहेब, तुमच्या घरी सोनं असन. त्याची पारख करा म्हटलं तं करून दाखवाल. कपाटाची चावी कुठी ठेवता ते सांगाल का?"

साहेब हसला. जैनी हसली नाही. मग गावातलं कोणीच हसलं नाही, आणि साहेबाला उगाचच टोपी नीट करावी लागली. त्या हंगामात कंपनीला मुरमेटोल्याचा थेंबभरही मध मिळाला नाही. जैनी आणि लालसू शेजारच्या गावांतून फिरले, आणि त्या गावांनीही मध थांबवला. शेवटी नकाशा निघाला, नुसता मुरमेटोल्याचा नाही, सगळ्या गावांचा. ज्या दिवशी ते पत्र आलं त्या दिवशी बाईंनी शाळेत पेढे वाटले, आणि हेडमास्तरांना दोन दिले.

आता मुरमेटोल्याचा मध मुरमेटोल्याच्या नावाने विकला जातो. गोटुलात गावाची स्वतःची बुढी बसली, तीही अशीच मोडीतून उठवलेली. गिऱ्हाइकांची मागणी तिच्यावर येते, फोटो तिच्यात राहतात, आणि बाहेर जाणाऱ्या फोटोतून जागा आधी पुसून टाकली जाते. ज्याला मध कुठला ते जाणून घ्यायचं असेल त्याने गावात यावं, जोहार करावा, बसावं. लोक येतात. लालसू त्यांना मध चाखायला देतो आणि डोंगराकडे हात करून सांगतो, "तिकडचा." हात केवढा डोंगर दाखवतो ते बघण्यासारखं असतं.

बाई निवृत्त झाल्या आणि चामोर्शीला घरी गेल्या. आपली बुढी मांडीवर घेऊन एसटीत बसल्या, कंडक्टरने डिकीत ठेवा म्हटलं तर त्याच्याशी भांडल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना कळलं की थोरल्या कड्याला पुन्हा मोहोळं लागली. दुसऱ्याच दिवशी त्या एटापल्लीला हजर झाल्या आणि आम्ही दोघं मुरमेटोल्याला गेलो.

गोटुलात शिरताच बाई थेट गावाच्या बुढीसमोर बसल्या. चष्मा चढवला, नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. उघडेना. पुन्हा टाकला. "बोटं मोठी झाली माही," म्हणत तिसऱ्यांदा टाकला.

जैनी दारात उभी होती. "बाई, उघडनार नाई."

"काऊन?"

"तुमचं नाव काढलं. जो गावात राहते त्याचंच नाव ठेवाचं, असं सभेत ठरलं. तुमी आता चामोर्शीच्या."

बाईंचा चेहरा लाल झाला. "जैनी, हे मी बसवलं."

"हाव. तुमीच बसवलं." जैनी जागची हलली नाही. "मानूस गावातून गेला का चावी गावात राह्यते."

बाई वळून पुन्हा बुढीपुढे बसल्या. मला नंतर कळलं की त्यांनी स्वतःसाठी एक मागची वाट ठेवली होती, बिघाड झाला तर घरबसल्या दुरुस्त करता यावा म्हणून. त्या वाटेने त्यांनी प्रयत्न केला. मग दुसऱ्या एका वाटेने केला. चहा आला, तो गार झाला. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मांगचं दार होतं माहं."

"होतं. ते बी बंद केलं," जैनी म्हणाली.

"ते मी तुले कधी शिकवलं नवतं."

"नवतं शिकवलं. पाहून पाहून शिकली. दोन डाव सगळं बंद पडलं, लालसू म्हणे आता बाईले बोलाव. मी म्हटलं, नाई. मंग जमलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या जे हसल्या ते हसणं गोटुलाच्या बाहेर गेलं. पुसू बाबा काठी टेकत आले, बायका आल्या, लालसू आला, आणि बाई प्रत्येकाला तेच सांगत होत्या: ह्या पोरीनं मले भाईर काढलं. जैनीने शेवटी स्वतः बुढी उघडली, बाईंकडे पाठ करून, आणि थोरल्या कड्याचे फोटो दाखवले. बाईंनी ते बाजूच्या चटईवर बसून, पाहुण्यांनी पाहावे तसे पाहिले. काळी पोळी कपारीत पुन्हा लोंबत होती.

परतताना एटापल्लीच्या स्टँडवर चामोर्शीची बस लागलेली होती. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. मी खाली उभा राहून विचारलं, "बाई, खरं सांगा. वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. घडीभर लयच वाटलं." बस सुरू झाली तशा त्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि सातवीच्या वर्गातल्या त्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पन गुरुजी, माह्याबिगर चालते हे मले जितेपनी पाहाले भेटलं. किती मास्तरायले भेटते?"